मोडायचा राहिलेला किल्ला

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी काकांच्या मुलाचा दूरच्या प्लेनो शहरातून फोन आला. त्यानं सांगितलं, की बाबा गेले. शेजाऱ्यांनी त्याला कळवलं होतं. गावातल्या दुसऱ्या कोणाचा नंबर त्याच्याकडे नव्हता, म्हणून त्यानं बागेच्या ऑफिसात फोन केला. फोन मी घेतला. खिडकीतून काकांचा किल्ला दिसत होता.

ही बाग स्टेट कॉलेज या विद्यापीठाच्या गावापासून अर्ध्या तासावर आहे. तिच्या आवारात शेतीच्या जुन्या अवजारांचं एक लहानसं संग्रहालय आहे. शनिवारी तिथे लोकांसाठी काही ना काही चालू असतं. वसंतात मुलं कुंड्यांत बिया रुजवतात, उन्हाळ्यात पानांचे ठसे काढतात, पानगळीत बुजगावणी बनवतात. माझ्या नवऱ्याची पीएच.डी. चालू होती आणि माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. म्हणून मी तिथे बिनपगारी मदतीला जायला लागले. खुर्च्या मांडायच्या, कागद कापायचे, पोस्टर लिहायची. काम नसलं की वाचत बसायचं. काका मला त्यामुळे 'वाचनालय' म्हणत.

"काय वाचनालय, आज उघडं का?" असं फाटकातून विचारत ते आत येत. माझं नाव त्यांना माहीत होतं. तीन वर्षांत एकदाही त्यांनी ते घेतलं नाही.

काका साताऱ्याकडचे. सिव्हिल इंजिनिअर. तरुणपणी इकडे आले आणि राज्याच्या रस्ते खात्यात निवृत्तीपर्यंत राहिले. काकू मी तिथे येण्याआधीच गेल्या होत्या. बागेनं पानगळीच्या जत्रेसाठी आमच्या मराठी मंडळाला बोलावलं, तेव्हा मंडळाच्या बैठकीत मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. कोणी मेंदी म्हटलं, कोणी रांगोळी म्हटलं, सगळ्यांच्या माना हलल्या. मागच्या रांगेतून एक टाय लावलेले गृहस्थ उठले.

"मुलांना किल्ला करू द्या," ते म्हणाले. "दिवाळीचा, मातीचा. बागेत माती फुकट आहे."

"काका, इथे कोण किल्ला करणार? मुलांना हात घाण झालेले आवडत नाहीत," एक जण म्हणाला.

"मुलांना की तुम्हाला?"

हशा झाला आणि किल्ला ठरला. बागेशी बोलायची जबाबदारी माझ्याकडे आली.

मातीचं काम करायला ते सूट घालून येत. टाय, पॉलिश केलेले बूट, पँट मोज्यांत खोचलेली, आणि कोटावरून रस्ते खात्याचं नारिंगी जाकीट. पहिल्या दिवशी बागेच्या मुख्य बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. काकांना ते कळलं. "वाचनालय, त्यांना सांगा," ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी मातीचं खाल्लं. तिच्यासमोर लुंगीवर जाऊ?" मी सांगितलं. लुंगीचं भाषांतर मला जमलं नाही, ते गाळलं.

माती पारखायची त्यांची एक रीत होती. चिमूटभर भिजवून तळहातांमध्ये तिची वळी करायची. बोटाएवढी होण्याआधी तुटली तर ती माती नापास. इथली तांबूस चिकण माती पहिल्या झटक्यात पास झाली, तेव्हा त्यांनी टायची गाठ सैल केली. ही सवय त्यांना इतकी जडली होती, की मंडळाच्या जेवणात त्यांनी एकदा पुरणपोळीच्या कणकेचीही वळी केली होती. पोळ्या करणाऱ्या मावशी समोरच उभ्या होत्या.

"पाणी कमी पडलंय," काका म्हणाले.

"काका, रस्ता करायचा नाहीये मला," मावशी म्हणाल्या. "खायची असली तर खा, नाहीतर वळी घेऊन घरी जा."

त्यांनी तीन पोळ्या खाल्ल्या.

मुलांना ते 'अहो-जाहो' करत. सात-आठ वर्षांची मुलं आणि 'अहो किल्लेदार, आपलं टाकं कुठे आहे?' मुलं इंग्रजीत उत्तरं देत. काका मराठीतच पुढचा प्रश्न विचारत. कसं कोण जाणे, दोन्ही बाजूंना समजत असे. त्यांचा पहिला नियम पाण्याचा होता. आधी टाकं खणायचं, मग तट, मग बुरूज. राजा सगळ्यांत शेवटी. एका मुलानं खिशातून प्लास्टिकचा डायनोसॉर काढून आधीच बुरुजावर ठेवला. काकांनी तो उचलून त्याच्या हातात परत दिला. "महाराजांना म्हणावं, जरा थांबा. अजून प्यायला पाणी नाही." मुलानं मान डोलावली आणि टाकं खणायला बसला. डायनोसॉर मग शेवटी मानानं वर चढला.

दुसरा नियम मागच्या दाराचा. प्रत्येक किल्ल्याला एक चोरदरवाजा हवा. "घराला एक दार पुरतं," ते म्हणत. "किल्ल्याला दुसरं लागतं. पुढचं दार दुसऱ्यांना दाखवायला. मागचं आपल्याला."

आणि तिसरा नियम मोडण्याचा. त्यावरूनच गावात त्यांची थट्टा होत असे. किल्ला ज्यानं बांधला त्यानंच मोडायचा. तुळशीचं लग्न झालं की येणाऱ्या रविवारी सगळ्या मुलांनी परत यायचं आणि आपापला किल्ला आपल्या हातानं सपाट करायचा. आईबापांनी नाही, बागेच्या माळ्यांनी नाही, काकांनीही नाही.

मुलं अर्थातच विसरत. आईबाप तर आनंदानं विसरत. मग काका ऑफिसच्या फोनवरून एकेका घरी फोन लावत.

"नमस्कार. किल्लेदार आहेत का घरी?"

"काका, तो सॉकरला गेलाय."

"आला की पाठवा. किल्ला उभा आहे."

"अहो काका, तुम्हीच मोडून टाका ना. आमची काही हरकत नाही."

"माझी आहे," असं म्हणून ते फोन ठेवत.

पहिल्या वर्षी तिघे-चौघे आलेच नाहीत. मुख्य बाईंना ती जागा ट्युलिपच्या कंदांसाठी हवी होती. जमीन गोठण्याआधी कंद जमिनीत जायला लागतात. त्या फावडं आणि ढकलगाडी घेऊन आल्या, तर काका किल्ल्यांच्या आणि त्यांच्या मध्ये उभे. पाऊस पडत होता. टायवरून पाणी निथळत होतं.

"सर, ही नुसती माती आहे," बाई म्हणाल्या.

"मॅडम, मी मातीवरच निवृत्त झालोय. मला माहीत आहे ती काय आहे," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "ट्युलिपबाईंना सांगा, बांधणारा मोडेल, नाहीतर पाऊस मोडेल. तिसऱ्याचं काम नाही."

मी सांगितलं. ट्युलिपबाई बराच वेळ पावसात उभ्या राहिल्या. मग त्यांनी ढकलगाडी वळवली. पुढच्या वर्षापासून किल्ल्यांसाठी पूर्वेच्या कुंपणाजवळची पट्टी मिळाली. तिथे ऊन कमी येतं. ट्युलिप तसेही चांगले फुलत नाहीत तिथे, असं बाई म्हणाल्या. ते खरं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

किल्ल्यांवर अळीव पेरायचा त्यांचा आग्रह होता. पण इथे ऑक्टोबरच्या शेवटी रात्री दहिवर गोठतं, कोंब करपतात. म्हणून संध्याकाळी ते गाडीतून जुन्या चादरी काढत आणि एकेक किल्ला झाकत. त्या काकूंच्या चादरी होत्या. फुलाफुलांच्या, धुऊन विटलेल्या. कडेला बारीक हातशिलाई होती. लोकांना ती हॅलोविनची भुतं वाटली. ते पोरांना घेऊन फोटो काढायला येऊ लागले. ट्युलिपबाईंनी कौतुकानं ते काकांना सांगितलं.

"भुतंच आहेत," काका म्हणाले. हे मात्र त्यांनी मला भाषांतर करायला सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षी एक गोरी मुलगी होती, शांत, चष्मा लावलेली. मोडायच्या रविवारी ती वेळेवर आली, पण तिला किल्ला मोडवेना. आई कॅमेरा घेऊन उभी होती. "गो ऑन, हनी," म्हणत होती. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. काका कोट सावरत तिच्या शेजारी ओल्या जमिनीवर बसले. त्या वयात त्यांना खाली बसणं सोपं नव्हतं. खिशातून फुटाणे काढून एक तिच्या हातावर ठेवला, एक स्वतः खाल्ला. मग म्हणाले, "नका मोडू. थंडी मोडेल. पण मधून मधून बघायला या." मी ते तिला इंग्रजीत सांगितलं. तिनं विचारलं, थंडीला वेळ लागेल का? काका म्हणाले, "लागू दे. घाई तुमच्या आईला आहे."

ती सगळा हिवाळा येत राहिली. तिची आई गाडीत बसून राहायची.

त्या रविवारी सगळे गेल्यावर आम्ही चादरींच्या घड्या घालत होतो. चादरीचं एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. अचानक ते म्हणाले, "माझा मुलगा मागच्या दारात पटाईत होता."

मी घडी घालत राहिले. त्यांना विचारलेलं आवडत नसे.

मुलगा लहान असताना घराच्या मागच्या अंगणात ते दर दिवाळीला किल्ला करत. बापानं तट-बुरूज करायचे आणि मुलानं चोरदरवाजा. नेहमी डाव्या बाजूला, कारण तो डावखुरा होता. तो नऊ वर्षांचा असताना काकांची बदली झाली आणि घर विकायला काढलं. घर दाखवायला येणारी बाई म्हणाली, मागचं अंगण स्वच्छ करा, तो ढिगारा बरा दिसत नाही. मुलगा शाळेत गेला होता. काकांनी फावडं घेतलं, किल्ला सपाट केला, वरून गवताचं बी टाकलं.

"तासाभराचं काम," ते म्हणाले. "मला वाटलं, पोराचे कष्ट वाचवले. खात्यात तसंच करायचो आम्ही. काम संपलं की जागा साफ."

"मग?"

"मग काय. शाळेतून आला. दप्तरही काढलं नाही. मागच्या दारात उभा राहिला. म्हणाला, 'ओके, डॅड.' तोवर मला बाबा म्हणायचा." त्यांनी चादर माझ्या हातात दिली. "त्यानंतर किल्ला केला नाही त्यानं. मी म्हटलं, मोठा झाला. नव्या घरी तर अंगण दुप्पट होतं."

मी म्हटलं, "काका, लहान मुलं विसरतात."

"विसरतात ना," ते म्हणाले. "म्हणून तर फोन करावा लागतो."

मुलाला ते दर वर्षी बोलवत. बागेच्या ऑफिसातून बोलत, म्हणून मला ऐकू येई. फोनवर ते मुलाशी इंग्रजी बोलत, आणि त्या इंग्रजीत त्यांचा आवाज बदले. रस्ते खात्यातल्या वरिष्ठाशी बोलावं तसा. "येस, येस. नो प्रॉब्लेम. वर्क इज वर्क." फोन ठेवून ते म्हणत, "रिलीज आहे त्याची." सॉफ्टवेअरमधल्या माणसांना सतत रिलीज कशी असते, आणि तरी ती माणसं सुटत का नाहीत, असं त्यांनी एकदा माझ्या नवऱ्याला विचारलं होतं.

२००७ च्या पानगळीत ते नेहमीपेक्षा लवकर आले. "वाचनालय, तो येतोय," त्यांनी फाटकातूनच सांगितलं. "दिवाळीला. तिकीट काढलंय."

त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा स्वतःचा किल्ला केला. मुलांची कार्यशाळा आटोपल्यावर रोज दुपारी ते कुंपणापाशी काम करत. कमरेएवढा उंच किल्ला होता. दुहेरी तट, खाली उतरणारी वाट, दगडांनी बांधलेलं टाकं. मधून मधून थांबून ते छातीवर हात ठेवत. मी विचारलं की म्हणत, "टाय घट्ट झालाय." ट्युलिपबाई त्यांना कॉफी आणून देत. काका ती थंड झाल्यावर पीत, कारण हात मातीचे असत आणि ते मधेच धुवायचे नाहीत, असा त्यांचा आणखी एक नियम होता.

किल्ल्याची डावी बाजू त्यांनी कोरी ठेवली. नुसता सपाट तट. दार नाही. "ते त्याच्याकडे," म्हणाले. त्या जागी ते रोज संध्याकाळी ओलं फडकं लावत, माती वाळून कडक होऊ नये म्हणून. तिथे बोट घातलं तर जायला हवं.

दिवाळीच्या दोन दिवस आधी मुलाचा फोन आला. मी फोन काकांच्या हातात दिला आणि बाहेर गेले. काचेतून दिसत होते. त्यांनी दोन-तीनदा मान डोलावली. बाहेर आले तेव्हा टाय नीट करत होते.

"थँक्सगिव्हिंगला येतो म्हणाला. तेव्हा सुट्टी मोठी असते. बरंच झालं. अळीव वर आलेला असेल."

ते फडकं लावत राहिले. तुळशीचं लग्न अजून व्हायचं होतं. मग तो मंगळवार आला.

मुलगा त्याच आठवड्यात आला. सगळं उरकल्यावर, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी तो बागेत आला. चाळिशीचा, उंच, चांगला कोट घातलेला. मी त्याला कुंपणाकडे घेऊन गेले. ट्युलिपबाई तिथे कंदांच्या पेट्या घेऊन उभ्या होत्या. त्या वर्षी त्यांना ती पट्टी खरोखरच हवी होती, कारण दुसऱ्या वाफ्यांत पाणी साचलं होतं. फावडं त्यांनी पाठीमागे धरलं होतं.

किल्ल्यावर काकूंची चादर होती. ती मी काढली. मंगळवारपासून फडकं लावायचं काम मी करत होते.

तो किल्ल्याभोवती एक फेरी मारून आला. म्हणाला, "ही डिड ऑल धिस अलोन?"

"हो."

"दार कुठे आहे?" त्यानं मराठीत विचारलं. ते दोन-तीन शब्द त्यानं जपून, एकेक उचलून ठेवल्यासारखे उच्चारले. "देअर शुड बी अ डोअर. ऑन द लेफ्ट."

"ते त्यांनी तुमच्यासाठी ठेवलंय," मी म्हटलं. "जागा ओली ठेवायचे रोज."

तो कोटासकट गुडघ्यांवर बसला. डाव्या हाताची दोन बोटं त्यानं तटावर टेकवली आणि दाबली. माती आत गेली. मग तो खणत राहिला, हळूहळू, कडा अंगठ्यानं गुळगुळीत करत. हात कोपरापर्यंत आत गेला तेव्हा टाक्याच्या बाजूनं त्याची बोटं बाहेर आली. त्यानं ती तशीच काही वेळ तिथे ठेवली. त्याचा चेहरा तटाकडे होता, त्यामुळे मला दिसला नाही. ट्युलिपबाई फाटकाकडे बघत होत्या.

उठल्यावर त्यानं विचारलं, "आता?"

मी त्याला तुळशीच्या लग्नानंतरचा रविवार सांगितला, मुलांना लावलेले फोन सांगितले, आणि काकांचा नियम सांगितला. जसाच्या तसा. बांधणारा मोडेल, नाहीतर पाऊस मोडेल. तिसऱ्याचं काम नाही.

तो ऐकत उभा राहिला. "ही हॅड अ रूल अबाउट धिस?" त्यानं विचारलं.

"सगळ्यांत मोठा तोच होता."

"केव्हापासून?"

मला उत्तर माहीत होतं. त्यालाही माहीत असावं. मी म्हटलं, "मी आले त्याच्या आधीपासून."

ट्युलिपबाई पुढे आल्या. त्यांनी फावडं दांड्याकडून त्याच्यापुढे धरलं. दार त्यानं केलं होतं, म्हणजे त्यालाही हक्क होता, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनाही आता तो नियम पाठ झाला होता. त्यानं फावड्याकडे पाहिलं आणि मातीचे हात मागे घेतले.

"मी फक्त दार केलं," तो म्हणाला. "बाकी बाबांनी."

बाईंनी फावडं ढकलगाडीत ठेवलं. कंदांच्या पेट्या त्यावर रचल्या आणि गाडी दुसऱ्या वाफ्याकडे नेली. तो नळावर न जाता तसाच गाडीकडे गेला. जाताना त्यानं काकूंची चादर मागितली. मी घडी घालून दिली. एक टोक त्यानं धरलं होतं.

यंदा पानगळीच्या जत्रेत मंडळानं मेंदी ठेवली. गर्दी चांगली झाली. किल्ल्यांबद्दल दोघा-तिघांनी विचारलं, मी सांगितलं की आता होत नाहीत. चष्मा लावलेली ती मुलगी आली होती. उंच झाली आहे. ती कुंपणापर्यंत जाऊन परत आली.

पहिल्या हिवाळ्यात बर्फानं बुरूज खाली आले. मार्चच्या पावसात तट गेला आणि दार बुजलं. कुंपणाजवळ आता गुडघ्याएवढा उंचवटा आहे. त्यावर गवत आहे. ट्युलिप त्याला वळसा घालून लावतात.